काळी पिशवी आणि १२ टक्के कर

नौपाड्यातल्या औषधांच्या दुकानातून आई सॅनिटरी पॅडचे पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून आणत असे आणि एवढे करूनही ती पिशवी रस्ताभर पदराआड धरीत असे. 'पॅडमॅन' फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला. याचे श्रेय एकट्या चित्रपटाला देणे अन्यायाचे होईल, कारण अनेक स्त्रियांनी ही मागणी २०१७ पासूनच लावून धरली होती. मात्र ज्या विषयावर आमच्या घरात चकार शब्द निघत नसे, त्यावरचा चित्रपट बाबांनी ठाण्यात आईशेजारी बसून शेवटपर्यंत पाहिला, हे मला करमाफीइतकेच मोलाचे वाटते. परवा बहिणीसाठी पाकीट घेताना त्यांनी दुकानदाराची काळी पिशवी शांतपणे परत केली.