कृष्णेतून चिवल्याकडे : सहावा आठवडा

दिवस ठरला. मार्गशीर्ष शुद्ध दशमी, मालवणचा चिवला बीच, समुद्रात दोन किलोमीटर पोहणं, सोबत मित्राची कायाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी. तारखेऐवजी आधी तिथी पाहिली, ती मुद्दाम.

कृष्णेवरच्या माई घाटावरून उतरलं की पाणी कुठं नेणार, हे आम्हा सांगलीकरांना पाठ असतं. समुद्रात तेच पाणी सहा तासांनी उलटं फिरतं. गेल्या वर्षी मालवणजवळ देवबागला मी हे न बघता उतरलो. कर्ली खाडीचं तोंड लांब आहे असं वाटत होतं. वीस मिनिटं हात मारले, मान वर काढली, तर समोर तेच सुरूचं झाड! ओहोटी लागली होती आणि खाडीचं पाणी बाहेर पडत होतं. ओढीशी झुंजणं सोडलं, आडवा पोहत किनाऱ्याला लागलो. तिथले होडीवाले काका दोनच शब्द बोलले, "पाणी ओढता." ते दोन शब्द वर्षभर डोक्यात आहेत.

म्हणून यंदा गणित तिथीवरून मांडलं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात. हा फक्त अंदाज, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातूनच घ्यायची. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याची चढउतार कमी आणि ओढही कमी. भरती पूर्ण झाल्यावर पहिल्या तासात साधारण बारावा हिस्साच पाणी उतरतं, तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं. म्हणून सात वाजून दहा मिनिटांनी पाण्यात, सव्वाआठला बाहेर.

वाऱ्याचंही बघायला हवं. सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो, त्यामुळं किनाऱ्याजवळचं पाणी तळ्यासारखं सपाट दिसतं. मला सगळ्यात जास्त भीती या सपाट पाण्याचीच वाटते. हा वारा आत समुद्राकडं ढकलतो, आणि कायाकला पोहणाऱ्यापेक्षा जोरात. त्यामुळं पूर्ण अंतर किनाऱ्याला समांतर, शंभर मीटरच्या आत.

या आठवड्यात दोन दिवस पात्रात मगर दिसल्याची खबर होती, तेव्हा नदी बंद, तलावात पोहलो. शनिवारी कृष्णेत दीड किलोमीटर, ४१ मिनिटं. वेळेपेक्षा मला आनंद झाला तो खुणेच्या सरावाचा. काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरायच्या, एक पुढची, एक मागची. मी घाटाच्या पायऱ्यांचा कोपरा आणि त्यामागचं झाड धरलं. झाड कोपऱ्याच्या उजवीकडं सरकलं की मीच उजवीकडं वाहतोय. दर तिसाव्या हाताला मान वर, एक नजर, परत खाली. चिवल्याला माड आणि त्यामागचं कौलारू छप्पर धरायचं ठरवलंय.

नारिंगी तरंगता फुगा कमरेला, शिट्टी गळ्यात, मित्राच्या अंगात लाइफ जॅकेट, फोन पाणीबंद पिशवीत आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ जतन केलेला. इन्कॉईसचा, म्हणजे समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा, उंच लाटांचा इशारा आला, मित्राला यायला जमलं नाही किंवा सकाळी किनाऱ्यावरचे होडीवाले नको म्हणाले, तर पाण्यात पाय घालायचा नाही. घरीही हे सांगून ठेवलंय. मग सव्वाआठला किनाऱ्यावरच चहा घेऊ आणि पुढच्या भांगाची तिथी काढू.