ड्रोन १२० मीटरवर आहे, पण कुठून मोजून?

ड्रोनमधलं करिअर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर रिमोट हातात धरलेला पायलट येतो. ते प्रमाणपत्र फार दूर नाही: दहावी पास, वय १८ ते ६५ आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण. माणसं हवी आहेत ती त्यामागच्या कामाला, म्हणजे हेलिकॉप्टर, विमान आणि ड्रोन एकमेकांच्या वाटेत येणार नाहीत हे कागदावर सिद्ध करायला. या कामाकडे वळणाऱ्यांनी सुरुवात उंचीपासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ग्रीन झोनमध्ये जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत, उड्डाणाची वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते, तर ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच यलो झोन, म्हणजे परवानगी घेऊनच उडायचा भाग, लागतो. या झोनचा नकाशा उड्डाणाच्या दिवशीच पाहायचा. नवी मुंबईसारखा विमानतळ सुरू झाला की आजूबाजूचे पट्टे बदलतात.

हेलिकॉप्टरसारखी कमी उंचीवरची वाहतूक मोकळ्या भागात साधारणपणे ५०० फुटांच्या वर असते. म्हणजे मधली फट १०० फुटांची, जेमतेम ३० मीटर. ती कशी खाल्ली जाते ते बघा.

विमानाची उंची हवेच्या दाबावरून मोजतात. ड्रोनच्या स्क्रीनवरची उंची बहुधा टेकऑफच्या जागेपासूनची असते. रिमोट आयडी, म्हणजे ड्रोनने उडताना स्वतःची ओळख आणि जागा प्रसारित करणं, याच्या प्रचलित मानकात मात्र ती डब्ल्यूजीएस-८४ एलिप्सॉइडपासून, म्हणजे जीपीएस वापरतं त्या पृथ्वीच्या गणिती आकारापासून, दिली जाते. आपल्याकडे समुद्रसपाटी या एलिप्सॉइडच्या बरीच खाली आहे. मुंबईत हा फरक साठ मीटरहून जास्त भरतो. म्हणजे अरबी समुद्रावर खरोखर १२० मीटरवर असलेला ड्रोन त्या आकड्यात ६० मीटरच्याही खाली दिसतो. कुणी तो आकडा समुद्रसपाटीपासूनचा समजून वाचला, तर हेलिकॉप्टरच्या पायलटला मोकळी दिसणारी जागा मोकळी नसते.

हवेचा दाबही स्थिर नसतो. आपल्या अक्षांशांवर सकाळी दहाच्या सुमाराला तो चढलेला असतो आणि दुपारी चारपर्यंत तीन-चार हेक्टापास्कलने उतरतो. एक हेक्टापास्कल म्हणजे आठ-नऊ मीटर. उंची काढण्यासाठी उपकरणात भरलेला सकाळचा संदर्भ दाब दुपारी तसाच ठेवला, तर उपकरण खऱ्यापेक्षा पंचवीस-तीस मीटर जास्त उंची दाखवतं. घाटात हे महागात पडतं.

घाटात आणखी एक फसगत होते. कड्यावरून टेकऑफ करून १०० मीटरवर सरळ दरीकडे गेलात, तर स्क्रीनवर १००च दिसतं आणि खालची जमीन पाचशे मीटर खोल गेलेली असते. नियम मोडलेला असतो, सॉफ्टवेअर मात्र गप्प. मार्ग आखायच्या मिशन प्लॅनर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वेपॉइंटला, म्हणजे मार्गावरच्या टप्प्याला, उंची रिलेटिव्ह (टेकऑफपासून), ॲब्सोल्यूट (समुद्रसपाटीपासून) की टेरेन (खालच्या जमिनीपासून) हे निवडावं लागतं. पुण्याची जमीन समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. तिथे ॲब्सोल्यूट ६६० चा प्लॅन रिलेटिव्ह म्हणून चढवला, तर ड्रोन १०० मीटरऐवजी ६६० मीटरवर जायला निघेल.

सरावासाठी भोर तालुक्यातला आरोग्य उपकेंद्रापर्यंतचा दहा किलोमीटरचा मार्ग घ्या. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एसआरटीएमचा, म्हणजे अवकाशातून रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा, डेटा टाका. तो ईजीएम-९६ जिऑइडवर, म्हणजे समुद्रसपाटीच्या एका प्रतिकृतीवर, आधारलेला असतो, त्यामुळे जीपीएसच्या कच्च्या आकड्यांशी थेट जुळत नाही. मोबाइल टॉवर आणि उच्चदाबाच्या तारा त्यात सापडणार नाहीत, त्या प्रत्यक्ष जाऊन नोंदवाव्या लागतात. मग मार्ग, त्याभोवती चुकीला वाव देणारं क्षेत्र आणि त्याबाहेर जमिनीवरचा बफर, म्हणजे सुरक्षेसाठी सोडलेली पट्टी, असे तीन थर आखा. बफरची रुंदी ढोबळमानाने उड्डाणाच्या उंचीइतकी धरतात. युरोपात ड्रोनच्या उड्डाणाचा धोका मोजायला वापरली जाणारी सोरा पद्धत हेच शिकवते. आधी जमिनीवरच्या माणसांना असलेला धोका आणि हवेतल्या टकरीचा धोका वेगवेगळे मोजायचे, मग दोन्ही मिळून सुरक्षिततेचा किती कडक पुरावा द्यायचा ती पातळी ठरवायची. भारतात परवानगी मागतानाही ही मांडणी उपयोगी पडते.

आणि या सरावाच्या अहवालात एकही उंची नुसती लिहू नका. प्रत्येक आकड्यापुढे जमिनीपासून, टेकऑफपासून, समुद्रसपाटीपासून की एलिप्सॉइडपासून, ते लिहा. मुलाखतीला जाताना हा अहवाल सोबत न्या.