न गाळलेली बाटली

नदीच्या पाण्यातले धातू मोजायला पहिला मोठा पूर पकडायचा म्हणजे झोपेवर पाणी सोडायचं. नदी चढायला लागली की दर अर्ध्या तासाला एक नमुना, पार ओसरेपर्यंत. त्या रात्री पुलावर आम्ही दोघं होतो, सोबत दोर बांधलेली बादली आणि फिल्टरचा डबा.

पाणी आधी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, मगच त्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकायचे. सामू (pH, आम्लतेचं माप) 2 च्या खाली गेला की धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून बसत नाहीत. गाळून खाली येतं ते 'विरघळलेलं', वर अडकतो तो गाळ. (ही रेघ सोयीसाठी मारलेली, लोहाचे अतिसूक्ष्म कण त्यातूनही निसटतात.) पण पुराचं पाणी म्हणजे नुसता चिखल. सिरिंज दाबून अंगठा बधिर होतो आणि बाटली भरायच्या आत फिल्टर तुंबतो. पहाटे कधीतरी मी एका बाटलीत न गाळताच ॲसिड टाकलं आणि वर लिहिलं, 'गाळलेलं'.

त्या एका बाटलीत शिसं इतकं निघालं की आमच्या वरिष्ठांनी ठरवूनच टाकलं, वरच्या अंगाला कुणीतरी काहीतरी सोडलंय. तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. प्रयोगशाळेतल्या मुलाने बाटली उजेडात धरली. "ताई, गाळलेल्या पाण्याच्या तळाशी हा गाळ कसा?"

कान लाल झाले माझे.

शिसं गाळाच्या कणांवर होतं, ॲसिडने ते सोडवून पाण्यात आणलं होतं. बाकी बाटल्यांतलं गाळलेलं पाणी शिशाच्या बाबतीत जवळजवळ कोरं. खडक कुजतो तेव्हा त्यातल्या खनिजांची चिकणमाती होते, लोह गंजून कणांवर पुटं धरतं, आणि शिसं त्या पुटांना नि कुजलेल्या पाल्याला घट्ट धरून बसतं. साध्या पावसाने ते फारसं सुटत नाही. माती निघाली की मातीसोबत जातं.

मग फिल्टर पुन्हा काढले. चढत्या पुरातले पहिले काळपट तपकिरी, पुढचे तांबूस पिवळे. दोन्हींत शिशाचं ॲल्युमिनियमशी प्रमाण काढलं. ॲल्युमिनियम मुख्यतः मातीतलंच असतं, त्यामुळे प्रमाण वाढलं तर शिसं बाहेरून आलेलं. काळपट फिल्टरांत ते बरंच जास्त निघालं. पाणी सर्वांत उंच असताना गाळ दुपटीहून अधिक होता, प्रमाण मात्र खाली आलेलं.

सुरुवातीचा पाऊस जमिनीचा वरचा पापुद्रा सोलतो. 1923 पासून शिसं घातलेलं पेट्रोल विकलं जात होतं, त्याचा धूर याच पापुद्र्यावर बसला. गाड्यांसाठी ते जगभर बंद व्हायला 2021 उजाडलं. तोवर बसलेलं शिसं मातीतच आहे. नंतर काठ ढासळतात, खालची कोरी माती मिसळते, आणि गाळ वाढूनही शिशाचा वाटा उतरतो.

पत्र फाडलं. पण त्या चुकीच्या बाटलीने मला दुसरीच काळजी लावली. हा सगळा गाळ खालच्या धरणात बसतो. तळाशी प्राणवायू संपला की लोहाची ती पुटं विरघळू लागतात, आणि त्यांना धरून बसलेलं सुटायला वाव मिळतो. पुढच्या खेपेला पुलावर नाही, होडीतून तळाचं पाणी काढायला निघालेय. फिल्टर दुप्पट घेतलेत, आणि बाटलीवर नाव गाळून झाल्यावरच लिहिते.