बारानंतर खायचं नाही

आमच्या वसईच्या घरात नाताळचं खाणं सुरूच होतं ते मध्यरात्रीनंतर. चर्चमधल्या मिस्सेहून परत यायचं, गोठ्यातल्या बाळयेशूसमोर क्षणभर उभं राहायचं आणि मग आई केक कापते, करंज्यांचे डबे उघडते. त्यानंतर झोप कुणालाच येत नाही, म्हणून दरवर्षी मी तेव्हा ‘ग्रेमलिन्स’ लावते. यंदा अकरा वर्षांचा भाचा पहिल्यांदाच शेजारी बसला.

१९८४ सालचा, जो डान्टेचा सिनेमा. बर्फाने झाकलेलं छोटं गाव, नाताळचे दिवस, आणि वडिलांनी बिली या मुलाला भेट म्हणून आणलेला मऊ केसांचा, मोठ्या कानांचा गिझ्मो. त्याला सांभाळायचे तीन नियम. प्रखर उजेड नको, अंगावर पाणी नको आणि रात्री बारानंतर काही खायला घालायचं नाही. तिसरा नियम ऐकताच भाच्याने करंजी ताटलीत ठेवली आणि घड्याळाकडे बघितलं!

नियम मोडतात. मग गिझ्मोपासूनच निपजलेल्या हिरव्या, दातेरी ग्रेमलिन्सची झुंडच्या झुंड गावभर धुमाकूळ घालते. त्यांचा सगळा आनंद मोडतोडीत. दारूच्या गुत्त्यात शिरून ते पत्ते कुटतात आणि रिकाम्या थिएटरात बसून ‘स्नो व्हाइट’ बघताना बुटक्यांच्या सुरात सूर मिसळून गातात. ख्रिस वॉलस यांनी घडवलेल्या या बाहुल्या. संगणकाची करामत कुठेच नाही, सगळी हालचाल पडद्याआड बसलेल्या माणसांची. तात्या विंचूमागे रामदास पाध्ये होते, तसंच. त्या ओबडधोबड हालचालीमुळेच मला त्यांची भीतीही वाटते आणि हसूही आवरत नाही.

माझा सगळ्यात लाडका प्रसंग स्वयंपाकघरातला. बिलीची आई घरात एकटी, रेकॉर्डवर नाताळचं गाणं चालू, आणि ओट्यावर ग्रेमलिन्सनी तिच्या कुकीजचा फडशा पाडलेला. ती किंचाळत पळून जात नाही. एकाला मिक्सरमध्ये फिरवते, दुसऱ्याला सुरीने भोसकते, तिसऱ्याला मायक्रोवेव्हमध्ये कोंडून बटण दाबते. ख्रिस कोलंबसच्या मूळ पटकथेत ही आई मरणार होती, तिचं मुंडकं जिन्यावरून गडगडत खाली येणार होतं. बरं झालं ते बदललं. आमची आई एवढ्या एका प्रसंगासाठी हातातलं काम टाकून येते आणि पदराला हात पुसत दारातच उभी राहते. “उडालेलं सगळं पुसायचं मात्र तिलाच,” असं यंदाही म्हणाली.

अमेरिकेत तेव्हा पालक चिडले होते. लहान मुलांना घेऊन गेले आणि पडद्यावर हे! त्याच उन्हाळ्यात तिथे पीजी-१३ हे तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारं नवं प्रमाणपत्र सुरू झालं, त्यामागे हाही सिनेमा होता. भाचा मात्र उशी पोटाशी घट्ट धरून हसत होता.

पण बिलीची मैत्रीण केट बोलायला लागते तेव्हा तो गप्प झाला. आपल्याला नाताळ का आवडत नाही, ते ती सांगते. ती नऊ वर्षांची असताना नाताळच्या आदल्या रात्री वडील घरी आलेच नाहीत. पुढे चिमणीत त्यांचा मृतदेह सापडला, अंगात सांताचा पोशाख. स्टुडिओला हे भाषण नको होतं, डान्टेने हट्टाने ठेवलं. या भाषणावर हसणारेही पुष्कळ आहेत. मी आईला ते मराठीत सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.

“चार-पाच दिवस वाट बघत असेल गं ती पोर,” म्हणाली, आणि भाच्याच्या ताटलीतली करंजी उचलून त्याच्या हातात दिली.