काट्याला काय दिसतं

मामाने दिलेला ऑटोफोकस कॅमेरा मी दोन वर्षं वापरला. रोल टाकून झाकण लावलं की फिल्म तो स्वतःच ओढून घ्यायचा, डबीवरच्या काळ्या-चंदेरी चौकोनांवरून आयएसओ, म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे ते, ओळखायचा, शेवटच्या फ्रेमनंतर रोल गुंडाळूनही ठेवायचा. फोटो चांगले यायचे.

अडलं ते आजीच्या फोटोत. साताऱ्याजवळच्या घरी ती सोप्यात बसली होती आणि मागे अंगणात दुपारचं लख्ख ऊन. रोल धुऊन आला तेव्हा अंगण सुंदर, आजीचा चेहरा काळवंडलेला. फ्रेममध्ये जास्त जागा अंगणाची, म्हणून कॅमेऱ्याने हिशोब अंगणाचा धरला. मला आजी हवी होती, पण ते त्याला सांगायचं कसं हे मला येत नव्हतं.

बाबांनी कपाटातून त्यांचा पेंटॅक्स के१००० काढून दिला. १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत राहिलेला कॅमेरा. फोकस, अपर्चर (उजेड आत घेणारं भिंगातलं छिद्र), शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा ते), सगळं हाताने. सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरच्या काट्याला. तो संपला तरी शटर उडतं.

पहिला रोल कोरा आला. छत्तीस फ्रेम, त्यात भाचीच्या बारशाचे फोटो. बाबांनी एकच विचारलं, "दांडा ओढताना डावीकडची चावी फिरत होती का?" दांडा फिल्म पुढे ओढतो, आणि फिल्म खरंच सरकली तर ती परत गुंडाळायची चावीही फिरते. मी बघितलंच नव्हतं. फिल्मचं टोक उजवीकडच्या रिळाच्या खाचेत नीट अडकलं नव्हतं. फोटो मोजणारा आकडा मात्र पुढे सरकत राहिला, कारण तो दांड्याबरोबर सरकतो, फिल्मबरोबर नाही. ते बारसं परत येणार नाही, याचं वाईट आजही वाटतं. तेव्हापासून झाकण लावल्यावर चावीने फिल्मची ढील काढते आणि दांडा ओढताना डोळा चावीवर ठेवते.

खरं शिक्षण झालं ते वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या कृष्णेच्या घाटावर. कॅमेऱ्यात २०० आयएसओचा रोल. भर उन्हासाठी जुना ठोकताळा आहे: अपर्चर १६ आणि शटर आयएसओइतका, म्हणजे जवळचा १/२५० सेकंद. तसं लावून मी घाटाच्या काळ्या दगडावर कॅमेरा धरला. काटा खाली पडला, म्हणजे उजेड कमी. बाजूला वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर धरला, काटा वर उडाला, म्हणजे उजेड जास्त. ऊन तेच, मी तिथेच, आकडेही तेच. मी चार-पाच वेळा हेच करून बघितलं.

मीटर ऊन मोजत नाही, वस्तूवरून परत आलेला प्रकाश मोजतो. समोर जे असेल ते मध्यम करडं आहे असं धरूनच तो चालतो. काळ्या दगडालाही करडं करायला बघतो आणि धोतरालाही. आजीच्या फोटोत उजळ अंगण करडं करण्याच्या नादात सोप्यातला अंधार आणखी गडद झाला होता. दोन वर्षांत सुटलं नव्हतं ते त्या पायऱ्यांवर सुटलं.

मग उपाय सोपा होता. ज्याचा फोटो हवा, त्याच्यावर पडणाऱ्या उजेडात स्वतःचा तळहात धरायचा, काटा मध्ये आणायचा आणि अपर्चर एक स्टॉप उघडायचं, म्हणजे उजेड दुप्पट आत घ्यायचा, कारण तळहात करड्यापेक्षा उजळ असतो. घाटावर चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. ती सावलीत टांगलेली, मागे झगझगीत आकाश. सावलीत हात धरून मोजलं, शटर १/३० आलं, तेवढ्यात हात हलू नये म्हणून दगडाला खांदा टेकवून श्वास रोखला. त्या रोलमधला तोच फोटो मी मोठा करून घेतला.

ऑटो कॅमेरा मी सोडलेला नाही. भाची आता पळते, आणि पळत्या पोरीवर हाताने फोकस धरणं मला अजून जमत नाही. तिथे ऑटोफोकस हवाच. उजेड समोरून येत असेल तेव्हा त्या कॅमेऱ्यावरही एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप वाढवते. ती सोय त्यात पहिल्यापासून होती. वापरायची कधी, ते मेणवलीनंतर कळलं.

दिवाळीत पुन्हा सोप्यात बसलो. आजी त्याच जागी, अंगणात तेच ऊन. तिच्या गालाजवळ हात धरून मी काटा बघत होते.

"आगं, किती बघशील त्यातनं? दाब की आता."

दाबलं. दांडा ओढला. चावी फिरली.