आमची वाटचाल : स्प्रिंगचा जोर

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या अर्ध्या शेडमध्ये, दहा टनी जुनी पॉवर प्रेस आणि एक ड्रिल मशीन एवढ्या सामग्रीवर आम्ही काम सुरू केले, तेव्हा आपण कधी स्वतः कनेक्टर, म्हणजे विजेची जोडणी करणारे भाग, घडवू असे मनातही नव्हते. पितळी पट्टी कापायची, वाकवायची, टर्मिनल करून किलोच्या भावाने द्यायचे आणि महिनाअखेर पगार आणि भाडे भागले की समाधान मानायचे, अशी पहिली चार वर्षे गेली. डाय, म्हणजे प्रेसमध्ये पट्टीला आकार देणारे साचे, मी स्वतः करीत असे आणि मदतीला एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले, वयाने वडिलांच्या जागी असलेले एक कारागीर होते, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू. पंचाची, म्हणजे साच्यातल्या कापणाऱ्या भागाची, धार उतरली आहे की नाही, हे ते प्रेसच्या आवाजावरून सांगत.

पुढे पुण्यातल्याच एका कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या ग्राहकाने यंत्रमागाच्या कार्डासाठी, म्हणजे पॅनलमधल्या सर्किट बोर्डासाठी, एज कनेक्टर करून द्याल का, असे विचारले. सर्किट बोर्डाच्या काठावर ज्या तांब्याच्या पट्ट्या असतात त्या या कनेक्टरच्या खाचेत सरकतात आणि दोन्ही बाजूंच्या लहान लहान स्प्रिंगा त्यांना धरून ठेवतात. नमुना त्यांनी दिला, त्यावरून ड्रॉइंग मी काढले, प्लास्टिकचे अंग शेजारच्या गाळ्यातून मोल्ड करून घेतले आणि स्प्रिंगा आमच्या नेहमीच्या, कथिल चढवलेल्या पितळी पट्टीतून काढल्या. मल्टिमीटर लावून एकूण एक नग तपासला. सगळे पास झाले, माल गेला, पैसेही वेळेवर आले. सात-आठ महिन्यांनी तक्रार आली की धागा तुटलेला नसतानाही माग थांबतो.

ग्राहकाबरोबर मी इचलकरंजीला गेलो. मागांच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नव्हते, पॅनलच्या दारावर हात ठेवला तर थरथर मनगटापर्यंत चढत होती आणि कार्डावर कापसाच्या तंतूंचा पांढरा थर बसला होता. तिथल्या जॉबरने, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्या कारागिराने, आमच्यासमोर कार्ड बाहेर ओढले, शर्टाच्या खिशातून शाळेतल्या मुलांचे असते तसे खोडरबर काढले, काठावरच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी घासल्या, फुंकर मारली आणि कार्ड परत बसवले. माग चालू झाला. "साहेब, आता पंधरा दिवस बघाय नको," ते म्हणाले. त्यांनी हे इतक्या सहजपणे केले की ही तक्रार त्यांच्यासाठी रोजच्या कामाचा भाग झाली आहे, हे माझ्या लक्षात आले. जे काम आमच्या स्प्रिंगने करायचे ते एक माणूस खोडरबराने करीत होता, याचे मला मनापासून वाईट वाटले आणि येताना त्या शेडमधले पाच कनेक्टर मी बदलून बरोबर आणले.

अभियांत्रिकी महाविद्यालयातील एका प्राध्यापकांनी आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली ते कनेक्टर पाहू दिले. स्प्रिंगचे टोक जिथे बोर्डाला टेकते तिथे, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान असा एक काळा डाग होता. कथिलावर ऑक्साइडचा अगदी पातळ, कडक आणि ठिसूळ थर नेहमीच असतो. कार्ड आत सरकवताना तो घासून फुटतो आणि खालचे मऊ कथिल बोर्डाच्या पट्टीवरच्या कथिलाला भिडते, म्हणून नव्या कनेक्टरची जोडणी उत्तम असते. पण मागाच्या थरथरीने ते टोक केसाच्या जाडीच्या काही दशांश इतके पुढेमागे होत राहिले, तर दर हालचालीला थोडे ताजे कथिल उघडे पडते, हवा लागून काळवंडते आणि त्याची पूड तिथेच साचत जाते. शेवटी धातू आणि धातूच्या मध्ये त्या पुडीची गादी तयार होते. खोडरबराने निघत होती ती हीच पूड.

मग आमच्या तपासणीत हे का दिसले नाही? आणलेले पाचही कनेक्टर मल्टिमीटरने पुन्हा तपासले, तर त्यातले तीन चक्क चांगले दाखवले गेले. ओहम मोजताना मल्टिमीटर उघड्या टोकांवर बहुधा व्होल्टभर किंवा त्याहून जास्त व्होल्टेज देतो आणि तेवढ्याने तो पातळ थर जागच्या जागी फुटतो. धागा तुटल्याची खबर देणाऱ्या सेन्सरचा सिग्नल मात्र इतका लहान असतो की त्याला तो थर फोडता येत नाही. म्हणून अशा मोजणीसाठी उघड्या टोकांवर 20 मिलिव्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेज आणि 100 मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह द्यायचा नाही, आणि मोजताना चार तारा वापरायच्या, म्हणजे तारांचा स्वतःचा रोध आकड्यात मिसळत नाही, अशी पद्धत ठरलेली आहे. हे तोवर मला ठाऊक नव्हते. त्या पद्धतीने मोजल्यावर नव्या नगाला आठ-नऊ मिलिओहम आले आणि इचलकरंजीहून आणलेल्या नगांचा आकडा टेबलावर बोटाने टिचकी मारली तरी भटकत होता. चार तारांचा मिलिओहम मीटर ही आम्ही प्रेसनंतर घेतलेली पहिली मोठी वस्तू, आणि त्यासाठी पत्नीने आपली भिशी मोडली होती, हे इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

त्याच प्राध्यापकांनी मला स्वीडिश शास्त्रज्ञ रॅग्नर होल्म यांच्या संशोधनाची ओळख करून दिली. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी ते प्रत्यक्षात मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात आणि सगळा प्रवाह त्या बारीक बिंदूंमधून वाट काढतो. ते बिंदू किती मोठे होतात हे दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसून दाबणाऱ्या जोरावर अवलंबून असते. म्हणजे आम्ही स्प्रिंगचे टोक रुंद करून जोडणी सुधारू पाहत होतो, ते सगळे श्रम चुकीच्या जागी चालले होते. कनेक्टर करणाऱ्याच्या हातात खरी एकच गोष्ट असते, ती म्हणजे जोर: तो पुरेसा असणे, आणि दहा वर्षांनीही तो तेवढाच राहणे.

इथून पुढचे वर्ष मी आणि मामांनी फक्त स्प्रिंगवर काढले. एका टोकाला पकडलेल्या पट्टीचा जोर तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. 0.30 मिलिमीटरची पट्टी सांगितली आणि 0.28 आली, तर डोळ्यांना काही कळत नाही, पण जोर जवळपास पाचव्या हिश्शाने उतरतो. तेव्हापासून आमच्याकडे आलेल्या प्रत्येक कॉइलची, म्हणजे पट्टीच्या गुंडाळीची, जाडी दोन्ही टोकांना मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय ती प्रेसवर चढत नाही. दुसरा प्रश्न बोर्डाचा होता. 1.6 मिलिमीटरचा म्हणून मिळणारा बोर्ड दहा टक्के कमी-जास्त असू शकतो, म्हणजे 1.44 पासून 1.76 पर्यंत काहीही, आणि त्यामुळे प्रत्येक बाजूच्या स्प्रिंगचे वाकणे 0.08 मिलिमीटरने वर-खाली होते. आमची जुनी स्प्रिंग आखूड आणि ताठ होती आणि अवघी 0.2 मिलिमीटर वाकत असे, त्यामुळे बोर्ड बदलला की तिचा जोर चाळीस टक्के इकडेतिकडे जाई. नवी स्प्रिंग आम्ही लांब आणि लवचीक केली आणि तिला 0.5 मिलिमीटर वाकवले. आता तोच बोर्ड तिचा जोर सोळा टक्क्यांच्या पलीकडे हलवू शकत नाही. ताठ स्प्रिंग हाताला भरवशाची वाटते आणि ग्राहकही ती दाबून पाहून खूश होतो, तरीही बोर्डाशी इमान राखते ती लवचीकच, हे माझे ठाम मत आहे.

पितळ सोडले. दाबून ठेवलेले पितळ उष्णतेत हळूहळू सैलावते, आणि पॅनलच्या आत उन्हाळ्यात साठ-सत्तर अंश सहज होतात. आठ टक्के कथिलाचे फॉस्फर ब्राँझ घेतले, जे महाग पडते पण जोर धरून राहते. बेरिलियम कॉपर याहून सरस आहे. मात्र त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने, जिथे घासकाम करावे लागेल अशा कोणत्याही कामासाठी ते शेडमध्ये आणायचे नाही, असे आम्ही तेव्हाच ठरवले आणि आजवर पाळले. पट्टीच्या रोलिंगच्या दिशेला समांतर बाक दिला तर बाकावर तडे जातात, म्हणून डायमध्ये स्प्रिंगांची मांडणीच फिरवावी लागली. कापताना कडेवर उठणारी बर, म्हणजे धातूची धारदार कोर, बोर्डाकडे येऊ नये, यासाठी मामांनी पंच उलट बाजूने घेतला. टोकाला मधोमध चीर देऊन दोन जिभा केल्या, म्हणजे एकीखाली तंतू अडकला तरी दुसरी टेकलेली राहते.

सोन्यावरून मात्र ग्राहकाशी बराच वाद झाला. सोन्यावर ऑक्साइड येत नाही, त्यामुळे त्याला कथिलापेक्षा निम्म्याहून कमी जोर पुरतो. कथिलाला प्रत्येक टोकाला किमान 100 ग्रॅमच्या आसपास जोर लागतो. पण सोने दोन्हीकडे हवे. कनेक्टरला सोने आणि बोर्डाला कथिल असे केले तर पूड साचण्याचा त्रास तसाच राहतो आणि पैसे वाया जातात. ग्राहकाला बोर्डावरचा खर्च नको होता. शेवटी सिग्नलच्या सहा पट्ट्यांसाठी दोन्ही बाजूंना कडक सोने दिले, आणि तेही जिथे टोक टेकते तेवढ्याच जागी, 0.76 मायक्रॉन, खाली निकेलचा थर घालून. निकेल नसेल तर खालचे तांबे हळूहळू सोन्यातून वर येते. बाकीच्या जागी कथिलच ठेवले, पण जोर वाढवला. आणि कार्डाला दोन्ही बाजूंनी मार्गदर्शक पट्ट्या आणि एक स्क्रू देऊन त्याची हालचालच बंद केली. खरे तर निम्मा आजार त्या स्क्रूनेच गेला.

त्यानंतरची वाढ थोडक्यात सांगण्यासारखी आहे. कर्ज काढून चाकणच्या बाजूला स्वतःची जागा झाली, विजेच्या ठिणगीने तारेने डाय कापणारे वायरकट मशीन आले, माणसे चौदा झाली. 1 जुलै 2006 पासून युरोपात इलेक्ट्रॉनिक मालात शिसेबंदी लागू झाली आणि निर्यात करणाऱ्या ग्राहकांनी कथिल-शिशाचा मुलामा बंद केला. शुद्ध कथिलातून काही काळाने केसासारखे धातूचे तंतू वाढतात आणि शेजारच्या पिनेला टेकून शॉर्ट करतात, हे आम्ही वाचले होते. एका नमुन्यावर ते प्रत्यक्ष पाहिले तेव्हा कथिलाखाली निकेल घालणे सर्व मालाला सक्तीचे केले.

1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुराचे बीएस-6 नियम लागू होणार हे ठरले, तेव्हा दुचाकींमध्ये इंधन इंजेक्शन आणि त्यासोबत नियंत्रक बोर्ड येणार हे उघड होते. त्या निमित्ताने आम्ही प्रेस-फिट पिन करू लागलो. या पिनेचा मधला भाग सुईच्या नेढ्यासारखा असतो. ती बोर्डाच्या भोकात दाबली की नेढे मिटते, भोकातल्या तांब्याच्या भिंतीवर सतत दाब देत राहते, आणि सोल्डर न लावता हवाही शिरणार नाही अशी जोडणी होते. इथे भोक पिनेइतकेच महत्त्वाचे असते. तयार भोक 1.0 मिलिमीटरचे हवे असेल तर ड्रिल 1.15 चे आणि तांबे किमान 25 मायक्रॉनचे लागते. पहिल्या वर्षी आमचा एक लॉट परत आला, तेव्हा पिनेचे दोन्ही खांदे, म्हणजे नेढ्याच्या दोन्ही बाजू, एकसारखे मिटत नव्हते. बोर्ड आडवा कापून, राळेत बसवून, पॉलिश करून पाहिल्यावर डाव्या खांद्याने तांबे ओरबाडलेले स्पष्ट दिसले. चूक आमच्या डायच्या एका इन्सर्टची, म्हणजे आत बसवलेल्या सुट्या तुकड्याची, होती. तो लॉट आम्ही पूर्ण भंगारात काढला. मामा तेव्हा कामावर येत नसत, पण इन्सर्ट घेऊन मी त्यांच्या घरी गेलो आणि त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरून, बोटाने चाचपून, कुठे घासायचा ते दाखवले.

सध्या विजेवरच्या दुचाकीच्या बॅटरीतील बोर्डासाठी नवी स्प्रिंग हाती घेतली आहे. चाचणीच्या भट्टीत 105 अंशांवर तिचे चाळीस नमुने दाबलेल्या स्थितीत ठेवले आहेत. हजार तासांपैकी सहाशे झाले असून दर शंभर तासांनी त्यातले चार बाहेर काढून त्यांचा जोर मोजला जातो. परवाच्या मोजणीत एका नमुन्याचा जोर इतरांपेक्षा जास्त उतरलेला आढळला, म्हणून तो कोणत्या कॉइलच्या कोणत्या टोकाचा आहे हे नोंदवहीतून शोधण्याचे काम आज सकाळपासून चालू आहे.