डॅशबोर्ड हिरवा, पावत्या बंद

फेब्रुवारीतली सकाळ, पावणेसात. दिंडोरीहून अण्णांचा फोन. "भाऊ, साइट उघडंना. माल तोडून झाला, क्रेट गाडीत चढले. पावती कुठून काढू?"

द्राक्ष बागायतदारांच्या एका गटाचा सर्व्हर मी पंचवटीतल्या घरून सांभाळतो. तोडणी ऊन चढायच्या आत उरकावी लागते. प्री-कूलिंगला, म्हणजे तोडलेला माल थंड करायला, उशीर झाला की देठ सुकतात आणि माल मागे पडतो. त्यामुळे हंगामात सकाळची वीस मिनिटंसुद्धा मला फार वाटतात.

लॅपटॉप उघडला. ग्राफानावर, म्हणजे सर्व्हरची तब्येत दाखवणाऱ्या डॅशबोर्डवर, सगळं हिरवं. डिस्क निम्मी रिकामी, साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटला अजून ६० दिवस. अण्णांनी पाठवलेल्या फोटोत मात्र ब्राउझर सांगत होता, सर्टिफिकेटची मुदत संपली. एचएसटीएस, म्हणजे साइट फक्त सुरक्षित जोडणीनेच उघडायची हा ब्राउझरला दिलेला नियम, लावलेला असल्यामुळे इशारा ओलांडून पुढे जायची सोयही नव्हती.

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. सर्टबॉट हा प्रोग्राम ते ३० दिवस उरले की नवं आणतो. जानेवारीत त्याने ते आणून डिस्कवर ठेवलंही होतं. पण साइट पुरवणारा वेब सर्व्हर, एनजिनएक्स, सर्टिफिकेट वाचतो तो सुरू होताना किंवा रीलोड करताना. दिवाळीनंतर सर्व्हर बदलला, तेव्हा मी सर्टबॉटची वेबरूट पद्धत घेतली, म्हणजे साइटच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवून साइट आपली असल्याचं दाखवायची. तिच्यात रीलोड आपणच सांगावा लागतो, तो राहून गेला. महिनाभर एनजिनएक्स जुनंच सर्टिफिकेट मेमरीतून देत राहिला.

कॉन्फिग तपासून रीलोड केला, एक मिनिटही लागलं नाही. सातच्या आत अण्णांची पावती निघाली. मग सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये, म्हणजे नवं सर्टिफिकेट आलं की आपोआप चालणाऱ्या जागी, रीलोडची स्क्रिप्ट टाकली.

रीलोड विसरणं मी समजू शकतो. मला लागलं ते मॉनिटरिंगचं. माझी तपासणी डिस्कवरची फाइल वाचत होती, आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर ती फाइल कधी जातच नाही. त्याला मिळतं ते सर्व्हरच्या ४४३ पोर्टवरून, म्हणजे सुरक्षित साइट जिथून मिळते त्या दारातून. म्हणून ओपनएसएसएल या टूलने थेट पोर्टला जोडून तारीख वाचायची असं ठरवलं. त्यातही आधी फसलो. आयपी पत्ता देऊन जोडत होतो, आणि त्या सर्व्हरवर तीन साइट आहेत. नाव न सांगता जोडलं तर एनजिनएक्स डिफॉल्ट साइटचं सर्टिफिकेट देतो, म्हणजे पुन्हा भलत्याच साइटचा हिरवा दिवा. एसएनआयमध्ये, म्हणजे जोडतानाच कुठली साइट हवी ते सांगायच्या सोयीत, साइटचं नाव दिल्यावर खरी तारीख आली.

ही तपासणी आता घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरून चालते, दर तासाला. २५ दिवसांपेक्षा कमी उरले की फोनवर मेसेज येतो. नवं सर्टिफिकेट ३० दिवसांवरच यायला हवं, त्यामुळे २५ दिसले म्हणजे काहीतरी अडलंय हे नक्की. वीज गेली की पायही गप्प होतो, म्हणून तो रोज सकाळी सहाला "चालू आहे" एवढंच कळवतो. तो मेसेज आला नाही, तर चहाआधी मी पाय बघतो.

मार्चच्या मध्यावर पुढचं रिन्यूअल होतं. रात्री अकराला मोबाइलचं वायफाय बंद करून, साध्या डेटावर साइट उघडली आणि सर्टिफिकेटची तारीख पाहिली. नवी होती. अण्णांचा शेवटचा प्लॉट तेव्हा तोडायचा बाकी होता.